हायस्कुलात पाना-पक्कड का हवी?



या पानावर आम्ही नेहमी लागणीचे, बेण्याचे, खोडव्याच्या निगेचे लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने शाळेच्या कारभारात नाक का खुपसावे, असे काहींना वाटेल. त्यांनी आधी पुढची हकीगत वाचावी आणि मग काय ते ठरवावे.

गेल्या उन्हाळ्यात, मार्च संपता संपता, घाटाखालच्या आपल्या एका सभासदाचा खोडवा पाहण्यासाठी आम्ही कणकवली तालुक्यात गेलो होतो. रान गड नदीच्या काठाला. शेअर ज्यांच्या नावावर ते सभासद मुंबईला नोकरीस, गणपतीला आणि मे महिन्यात येणारे. ऊस सांभाळतात त्या घरच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. आपल्या घाटाखालच्या गटात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. तोडणी चिठ्ठीवर नाव पुरुषाचे असते, पण बांधावर उभी असते ती बाई.

आम्ही गेलो तेव्हा पंप चार दिवस बंद होता. बटण दाबले की मोटर फिरे, आवाज करी, पण पाइपातून पाण्याचा थेंब नाही. कणकवलीच्या मेकॅनिकला रोज फोन होत होता आणि तो रोज "उद्या येतंय" म्हणत होता. इकडे उसाची पाने दुपारी गुंडाळायला लागली होती. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "सायबांनू, तुमी शेतकी खात्याचे मां? वायच बघा तरी काय झाला ता."

आम्ही पाहिले. पाहिले म्हणजे पंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोटरीवर हात ठेवला, स्टार्टरचे झाकण उघडून परत लावले आणि गंभीर चेहऱ्याने निदान केले की, वाइंडिंग गेलेले दिसते.

आमच्या सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, तेवढ्यात मेकॅनिक आला. आमचे निदान ऐकून तो हसला. म्हणाला, "सायब, मोटर फिरता, मगे वाइंडिंग खय जळला?" त्याने नदीत उतरून फूट व्हॉल्व्ह वर ओढला. झडपेत बोटभर लांबीची एक काडी अडकली होती. त्यामुळे झडप पुरती मिटत नव्हती आणि पंप बंद केला की पाइपातले सगळे पाणी नदीत परत जात होते. काडी काढली, पंपात बादलीने पाणी भरले, हवा काढली, बटण दाबले. पाणी धो धो आले. सारे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम. त्या काडीने उन्हाळ्यातली चार दिवसांची पाळी खाल्ली होती.

घरची मुलगी नववीत. ती हे सारे बाजूला उभी राहून पाहत होती. आम्ही आपली लाज झाकण्यासाठी तिला मास्तरासारखा प्रश्न टाकला, "बाळ, हवेचा दाब किती असतो?" ती लगेच म्हणाली, "७६ सेंटिमीटर पाऱ्याच्या स्तंभाइतका." उत्तर बरोबर. मग विचारले, "हा पंप नदीतले पाणी वर कसा आणतो?" ती म्हणाली, "ओढून घेतो." आता पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. ७६ ला १३.६ ने गुणले की होतात सुमारे १०३३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वादहा मीटर पाणी. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली जागा मोकळी करतो आणि बाहेरची हवा नदीचे पाणी वर ढकलते. त्या ढकलण्याची हद्द ही सव्वादहा मीटर. पाइपातले घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा, पंपाची झीज हे सारे वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर भरवसा धरू नये. आम्ही तिथल्या मातीवर काडीने हा गुणाकार करून दाखवला. मुलीने तो दोनदा पाहिला. वहीत हा आकडा तिने कितीदा लिहिला असेल, पण तो आपल्याच पंपाचा आकडा आहे हे तिला त्या दिवशी कळले.

गंमत पुढेच आहे. मेकॅनिक म्हणाला, "पाण्यापासून वीस फुटाच्या वर पंप ठेवूचो नाय. पाणी उचलणा नाय." आम्ही विचारले, "कित्याक?" तो म्हणाला, "ता माका काय म्हायत? उस्तादान सांगल्यान." वीस फूट म्हणजे सहा मीटरच की! त्याला हद्द ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. मुलीला कारण ठाऊक होते, पण ते कशाचे कारण हे ठाऊक नव्हते. आणि आम्ही शेतकीची पदविका घेतलेले. दोन्ही गोष्टी कागदावर शिकलो होतो आणि नदीच्या काठावर दोन्ही विसरलो.

आमचेही फार चुकले असे नाही. आमच्या पदविकेला शेती अवजारांचा एक विषय होता. इंजिनाच्या आकृत्या आम्ही इतक्या सुबक काढल्या की अजून त्या वह्या टाकवत नाहीत. ट्रॅक्टर मात्र शेडमध्ये कुलपात असायचा आणि किल्ली ज्यांच्याकडे ते बहुधा रजेवर असायचे. तोंडी परीक्षेत विचारले, "कार्बोरेटरचे काम सांगा." आम्ही सांगितले. "दाखवा" असे कोणी म्हटले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, आपल्या कार्यक्षेत्रातील हायस्कुलांत आठवी-नववीच्या प्रत्येक मुलामुलीला आठवड्यातला एक दिवस शेतीची यंत्रे आणि वर्कशॉपचे साधे काम शिकायला मिळाले पाहिजे. पंप खोलणे, जोडणे, वायर सोलून नीट जोड मारणे, अर्थिंग तपासणे, पाइपाला आटे पाडणे, दोन लोखंडी पट्ट्या वेल्ड करणे, एवढेच. हे मेकॅनिक तयार करण्यासाठी नव्हे. त्यासाठी आय.टी.आय. आहे आणि तिथे ज्याला जायचे तो जातो. पण पंप काही आय.टी.आय. झालेल्याच घरी बिघडत नाही.

कोणी म्हणेल, यात नवे काय? नवे काहीच नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा असे सांगितले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. म्हणजे हा विचार दिल्लीहून आला असे म्हणण्यापेक्षा भुदरगडच्या डोंगरातून दिल्लीला गेला असे म्हटले तरी चालेल. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्यालाच समाजोपयोगी उत्पादक कार्य असे भारदस्त नाव दिले. नाव जितके लांब तितके काम आखूड, असा आपला अनुभव. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही क्रेपच्या कागदाची फुले केली आणि पटांगणावरचे गवत उपटले. फुले हेडमास्तरांच्या टेबलावर वर्षभर धूळ खात होती. श्रेणी मात्र सर्वांना "अ" मिळाली.

जिथे हे काम खरोखर झाले ते ठिकाण आपल्यापासून फार दूर नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ म्हणून गाव आहे, अवर्षणाच्या पट्ट्यातले. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ तिथे राहायला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्याआधी ते मुंबईत हिंदुस्तान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह ते या माळरानावर आले. आश्रम ज्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून सुरू झाला, ती जे. पी. नाईक यांनीच १९४८ साली स्थापलेली. पाबळचे काम मात्र पाहायला नाईक राहिले नाहीत. ते १९८१ साली वारले.

कलबागांचे म्हणणे साधे होते. लहान मूल बोलायला, चालायला शिकते ते करून करून शिकते. शाळेत घातले की आपण त्याचे हात बांधतो आणि फक्त कान मोकळे ठेवतो. मग निम्मी मुले कंटाळून गळतात आणि आपण म्हणतो, डोके नाही. त्यांनी गावातल्याच भैरवनाथ विद्यामंदिर या हायस्कुलाबरोबर काम सुरू केले. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. यात दोन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटतात. पहिली, सगळ्या मुलामुलींनी चारही विभाग करायचे. मुलीने वेल्डिंगचा मुखवटा चढवायचा आणि मुलाने स्वयंपाकघरातले काम शिकायचे. दुसरी, मुलांनी केलेले काम खरे असले पाहिजे. गावाला हवी असलेली वस्तू किंवा सेवा द्यायची, तिचा हिशोब ठेवायचा, खर्च काढायचा. माती तपासून द्या, कुणाची मोडकी खुर्ची सांधून द्या, पण कागदी फूल नको. गिऱ्हाईक समोर उभे असले की जोड कच्चा ठेवता येत नाही.

शिकवायला कोण, हा प्रश्न पाबळलाही होताच. त्यांनी तो असा सोडवला की, गावात ज्याला काम येते त्यालाच अर्धवेळ निदेशक केले. पुढे एस.एस.सी. बोर्डाने या अभ्यासक्रमाला 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' म्हणून मान्यता दिली आणि पुढे तो 'मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स' या नावाने राज्यातल्या आणखी शाळांत गेला. आश्रमाच्या वर्कशॉपात 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही तयार झाला. २००२ साली अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे.

अमेरिकेचे नाव आले म्हणून सांगतो. तिकडे १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायद्याने हायस्कुलांत शेतीशिक्षणासाठी केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. अट अशी होती की, विद्यार्थ्याने वर्षातले निदान सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली शेतावर प्रत्यक्ष काम केले पाहिजे. नांगराचा फाळ धारेला लावणे, इंजिन खोलणे हे तिथल्या शेतकऱ्यांची मुले शाळेच्याच वर्कशॉपात शिकली. पण तिथल्या शेतकी विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना १९२८ साली स्थापन झाली आणि तिने मुलींना प्रवेश दिला तो १९६९ साली. एकेचाळीस वर्षे मुली दाराबाहेर. तेवढे अनुकरण आपण करू नये. कारण आपल्या घाटाखालच्या गावांत पंपापाशी उभी असते ती मुलगी, सून नाहीतर सासू, आणि मुलगा असतो विरार लोकलमध्ये.

आता पालकांचे म्हणणे ऐकू. याच विषयावर वैभववाडीकडच्या एका जुन्या सभासदांशी बोलणे झाले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या एकदम उसळले. म्हणाले, "आमी जलमभर हात काळे केले, आता पोरग्यांनीय तेच करूचा काय? मगे शाळेत धाडूचा कित्याक?"

तात्यांच्या रागाला अर्थ आहे. आपल्याकडे हाताचे काम हे जातीने वाटून दिलेले होते. लोहाराचा मुलगा भात्यापाशी शिकला, सुताराचा रंध्यापाशी, आणि ज्याला शाळेची दारे आधी उघडली त्याने हात न मळवता पोट भरायची वाट धरली. त्यामुळे ज्यांच्या घरात आत्ता कुठे पुस्तक आले, त्यांना शाळेने पुन्हा पाना हातात दिला की जुने दिवस आठवणार. ही भीती खोटी नाही. म्हणूनच आमचा आग्रह आहे की हे काम सर्वांना असावे. नापास मुलांना वर्कशॉप आणि हुशार मुलांना गणित अशी वाटणी केली, तर तात्यांचेच खरे ठरेल. डॉक्टरचा मुलगा, सरपंचाची मुलगी, शिक्षकाचा मुलगा, सर्वांचे हात ग्रीसने मळले पाहिजेत, नाहीतर कोणाचेच मळू नयेत.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याला शिकवायला बाहेरचे कोणी नको. कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. माणूस चांगला उच्चशिक्षित. पण रत्नागिरीच्या तुरुंगात असताना १९३२ साली त्यांनी भंगीकाम मागून घेतले, आणि ते नाकारल्यावर त्या प्रश्नावर येरवड्यात खुद्द गांधीजींनी उपवास आरंभला. गोपुरीत त्यांनी मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे काम केले, संडासाचे आणि गोबरगॅसचे प्रयोग केले. एका शिकलेल्या माणसाने ज्या कामाला लोक नाक मुरडतात तेच उचलले आणि त्यात डोके चालवले. ते १९७१ साली गेले. आपण त्यांच्या नावाने भाषणे करतो, पण मुलाच्या हाताला ऑइल लागले की आई लगेच साबण घेऊन धावते.

आणि मालवणकडे बघा. आमचे आजोळ त्या बाजूचे, म्हणून सर्जेकोटच्या बंदरावर लहानपणापासून जाणे-येणे. तिथे मच्छीमारांची पोरे आउटबोर्ड इंजिनाचा प्लग काढून, पुसून, परत बसवून भर समुद्रात होडी चालू करतात. कारण समुद्रात मेकॅनिक "उद्या येतंय" म्हणत नाही. हे पोर शाळेत विज्ञानात काठावर पास होते आणि बाई त्याला सांगतात, लक्ष दे. त्या वर्गात एकदा इंजिन आणून ठेवले असते, तर कोणी कोणाला लक्ष द्यायला सांगितले असते हे पाहण्यासारखे झाले असते.

आता आपल्या शिवाराकडे. पूर्वी लाटीने आणि रहाटाने पाणी शिंपले जाई तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसे. दोर तुटला, लोटा फुटला, बांधला की झाले. आज एकेका घरात पंप, पॉवर टिलर, ग्रास कटर, फवारणीचा पंप, ठिबकचा फिल्टर, एवढी यंत्रे आहेत. अनुदानाने आणि कर्जाने आली, चालवायची समज मात्र त्यांच्याबरोबर आली नाही. ग्रास कटरचेच घ्या. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. कंपनीने २५ ला १ सांगितले असेल तर एका लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. हे पाचवी-सहावीचे गुणोत्तर. तरी कोणी अंदाजाने ओततो, कोणी शेजाऱ्याच्या फोर-स्ट्रोकचे पाहून नुसतेच पेट्रोल घालतो, आणि एका दिवसात पिस्टन चिकटतो. मग दुकानदाराला शिव्या. गुणोत्तराचा धडा ज्या पोराने सोडवला तोच घरी बसून हा तमाशा बघत असतो, कारण पुस्तकात गुणोत्तर आंब्यांचे आणि केळ्यांचे असते.

ठिबकचेही तसेच. "साहेब, ड्रिप काही कामाचे नाही, टोकाच्या सरीला पाणीच जात नाही," अशी तक्रार घेऊन सभासद गट ऑफिसला येतात. आम्ही विचारतो, फिल्टर कधी धुतला? उत्तर येत नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब वाचला की जाळी चोंदली आहे हे कळते. दोन घड्याळे आणि एक वजाबाकी.

विजेची गोष्ट याहून गंभीर. एक फेज गेला की थ्री-फेज मोटर तापून जळू नये म्हणून स्टार्टरला प्रिव्हेंटर असतो. आपले काही हुशार लोक तो काढून कपॅसिटर लावतात आणि दोन फेजवर पंप चालवतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बांधतात. फ्यूज जातो तो आपल्याला वाचवण्यासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. दोन पावसाळ्यांमागे आमच्याच पाहणीत असलेल्या एका शेतावर पत्र्याच्या पंपघराला करंट उतरला होता. म्हातारबाबा दाराला हात लावून मागे फेकले गेले. वाचले, ते चिखलात पडले म्हणून नव्हे तर नातवाने धावत जाऊन खांबावरचा मेन स्विच पाडला म्हणून. नातू सातवीत होता. त्याला विचारले, तुला कसे सुचले? म्हणाला, "मामा वायरमन आसा, तेणां दाखवल्यान." मामा वायरमन नसता तर काय, हा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहोत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवावे असे म्हटले आहे. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन असे नमूद आहे की, १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी; जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. दहा दिवस काहीच नसल्यापेक्षा बरे. पण दहा दिवसांत मूल सुताराचे दुकान पाहून येईल, रंधा धरायला शिकणार नाही. हात वळायला आठवड्यामागून आठवडा जावा लागतो. उसाला एकदाच भरपूर पाणी देऊन बारा महिने भागत नाही, हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

यात आपल्या कारखान्याने काय करावे? कपातीचा विषय काढला की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो. आम्ही कपात मागत नाही. आपल्या वर्कशॉपच्या मागे दरवर्षी भंगारात निघणारे लहान पंप, व्हॉल्व्ह, स्टार्टर, जळक्या मोटरी पडून असतात आणि टेंडरने किलोच्या भावाने जातात. त्यातले चार नग एका हायस्कुलाला द्यावेत. बंद पडलेला पंप शिकण्यासाठी चालत्या पंपापेक्षा चांगला, कारण तो बिघडण्याची भीती नसते. त्यासाठी संचालक मंडळाचा एक ठराव लागेल. बाकी पान्यांचा संच, एक व्हाइस, हँड ड्रिल, एक मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते.

शिकवायला आपले चालू फिटर देता येणार नाहीत. गळीत हंगामात ते पाळीत अडकलेले आणि पावसाळ्यात ओव्हरहॉलिंगमध्ये. पण आपले निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन याच गावांतून राहतात. तीस-पस्तीस वर्षे मिलचे रोलर, टर्बाइन, पंप सांभाळलेली ही माणसे सकाळी एस.टी. स्टँडवर बसून पेपर वाचतात. त्यातल्या दोघांना आम्ही सहज विचारले. एक म्हणाले, "मानधन राहू द्या, पोरं ऐकतील का ते सांगा." दुसऱ्यांनी विचारले की, शाळेत विडी चालेल का. चालणार नाही असे आम्ही सांगितले आहे. तरी ते तयार आहेत.

अडचणी आहेत. शाळेला वेळापत्रकात एक दिवस काढणे सोपे नाही आणि मुख्याध्यापकांना वरून शंभर कागदांची उत्तरे द्यायची असतात. मुलाच्या बोटाला लागले तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. चष्मा, हातमोजे, पायांत बूट आणि विजेच्या कामाला निवृत्त वायरमन स्वतः हजर असल्याशिवाय स्विचला हात नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळावे लागतील. विमा काढावा लागेल. एका वेळी पंधरा-वीसपेक्षा जास्त मुले नकोत. त्यामुळे वर्गाचे दोन भाग पाडावे लागतील. आणि दहावीच्या निकालावर परिणाम होईल का, असे पालक विचारणार. आमचे उत्तर असे की, ७६ सेंटिमीटर पारा म्हणजे किती पाणी हे ज्या मुलीने एकदा नदीकाठी पाहिले, तिला ते परीक्षेत चुकणार नाही. तरीही ज्यांना खात्री हवी त्यांच्यासाठीच पहिली दोन वर्षे आठवी आणि नववी, दहावीला हात लावायचा नाही.

घाटाखालच्या गटातील एक आणि घाटमाथ्यावरचे एक अशा दोन हायस्कुलांपासून सुरुवात करावी, असा प्रस्ताव आम्ही शेतकी खात्यातर्फे संचालक मंडळापुढे ठेवणार आहोत. आपल्या गावच्या शाळेत जागा असेल, निदान पत्र्याची एक शेड आणि विजेचे कनेक्शन असेल, तर सभासदांनी शाळा समितीशी बोलून गट ऑफिसला लेखी कळवावे. कारखान्यातून किंवा अन्यत्र निवृत्त झालेले कारागीर गावात असतील तर त्यांची नावेही द्यावीत. वार्षिक सभेत हा विषय येईल तेव्हा घाटाखालच्या भगिनी-सभासदांनी अवश्य यावे. गाडीची सोय गट ऑफिसकडून होईल. तात्यांनाही आम्ही निमंत्रण दिले आहे. ते विरोधात बोलणार आहेत.

गड नदीकाठच्या त्या वहिनींचा परवा फोन आला होता. पंप पुन्हा बंद पडला होता म्हणाल्या. आम्ही म्हटले, "मेकॅनिकला फोन केलात का?" म्हणाल्या, "नाय. चेडवान फूट व्हॉल्व्ह काढून धुतल्यान. पण आता ग्लँडीतसून पाणी गळता, ता कसा आवळूचा ता विचारता हा." आम्ही फोन आपल्या एका निवृत्त फिटरांना जोडून दिला.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते